विश्लेषण : सही राहिली, खात्याचा उतारा राहिला… कैद्याचा दावा सुनावणीआधीच का निकाली निघतो?

तुरुंगात मारहाण झाली, औषधोपचार मिळाले नाहीत, शिक्षाच बेकायदा आहे, अशी तक्रार घेऊन कैदी न्यायालयात जातो. काही आठवड्यांनी त्याला एक छापील आदेश मिळतो. तुमच्या अर्जात त्रुटी आहेत, त्या ठरलेल्या मुदतीत दूर करा, अन्यथा दावा फेटाळला जाईल, असे त्यात लिहिलेले असते. मुदत उलटते आणि दुसरा आदेश येतो : दावा फेटाळला. मारहाण झाली होती की नाही, यावर दोन्ही आदेशांत एक अक्षरही नसते. अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयांमध्ये असे आदेश नित्याचे आहेत. भारतातही ‘कार्यालयीन हरकती’ दूर न झाल्याने याचिका निकाली निघतात, मात्र कैद्यांबाबत आपला कायदा बऱ्याच अंशी वेगळा आहे. त्रुटी म्हणजे नेमके काय, त्या दूर करणे तुरुंगातून इतके अवघड का, आणि दावा फेटाळल्यावर कैद्याच्या हाती काय उरते, याचा हा आढावा.

‘त्रुटी’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील कैदी प्रामुख्याने दोन मार्गांनी संघीय न्यायालयात जातात. पहिला मार्ग नागरी हक्कांच्या दाव्याचा. १८७१च्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या आणि आज ‘कलम १९८३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीखाली, राज्याच्या अधिकाऱ्याने घटनात्मक हक्क डावलल्याची दाद मागता येते. दुसरा मार्ग हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे कोठडी किंवा शिक्षाच बेकायदा असल्याचे सांगून सुटका मागण्याचा. यातील बहुतांश कैद्यांकडे वकील नसतो. ते स्वतःच अर्ज लिहितात, स्वतःच टपालाने पाठवतात.

असा अर्ज पोहोचल्यावर न्यायालयाचे कार्यालय तो तपासते. न्यायालयाने ठरवून दिलेला नमुना वापरलेला नाही, अर्जावर सही नाही, प्रतिवादींची नावे शीर्षकात आणि मजकुरात जुळत नाहीत, शुल्क भरलेले नाही, शुल्कमाफीचा अर्ज अपुरा आहे, तुरुंगातील खात्याचा प्रमाणित उतारा जोडलेला नाही, अशा या त्रुटी असतात. त्यातील एकीचाही तक्रारीच्या खरेखोटेपणाशी संबंध नसतो.

केवळ नमुना चुकला म्हणून कागद परत करण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. संघीय दिवाणी प्रक्रियेचा नियम ५ तसे स्पष्ट सांगतो. त्यामुळे अर्ज दाखल होतो, त्याला क्रमांक मिळतो आणि त्यानंतर त्रुटी दूर करण्याचा आदेश निघतो. साधारणपणे तीस दिवसांची मुदत दिली जाते. ती पाळली नाही, तर नियम ४१नुसार, न्यायालयाचा आदेश न पाळल्याबद्दल किंवा दाव्याचा पाठपुरावा न केल्याबद्दल दावा फेटाळता येतो.

गरीब कैद्यालाही शुल्क का भरावे लागते?

संघीय जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा दाखल करण्याचे शुल्क ४०५ डॉलर आहे. यातील ३५० डॉलर कायद्याने ठरवलेले शुल्क आणि ५५ डॉलर प्रशासकीय शुल्क आहे. हेबिअस कॉर्पस अर्जाला मात्र पाचच डॉलर लागतात. निर्धन पक्षकाराला शुल्क न भरता दावा चालवू देण्याची सोय अमेरिकेत जुनी आहे. तुरुंगाबाहेरच्या गरीब माणसाला ही माफी मिळाली, तर त्याला दाव्याचे शुल्क सहसा भरावे लागत नाही.

कैद्याचे तसे नाही. १९९६ पासून कैद्याला ‘माफी’ मिळते ती केवळ आगाऊ भरण्यापासून. ३५० डॉलर त्याच्याकडून हप्त्याहप्त्याने वसूल होतातच. आधीच्या सहा महिन्यांत त्याच्या तुरुंगातील खात्यात दरमहा सरासरी किती रक्कम जमा झाली आणि सरासरी किती शिल्लक राहिली, यापैकी जो आकडा मोठा असेल त्याच्या २० टक्के रक्कम पहिला हप्ता म्हणून घेतात. त्यानंतर खात्यात दहा डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असेल तेव्हा मागील महिन्याच्या जमेच्या २० टक्के रक्कम कापली जाते. खाते अगदीच रिकामे असेल तर त्या कारणाने दावा अडवता येत नाही, एवढे संरक्षण कायद्यात आहे.

हा आकडा तुरुंगातील मजुरीच्या मापाने पाहायला हवा. संघीय तुरुंगांत नेहमीच्या कामाचा मोबदला तासाला १२ ते ४० सेंट आहे. सर्वांत वरच्या दराने काम करणाऱ्याला ३५० डॉलर जमवायला ८७५ तास लागतात, सर्वांत खालच्या दराने जवळपास २,९०० तास. टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांत तर तुरुंगातील बहुतेक कामांना मोबदलाच नाही. त्यात एकाच कैद्याचे अनेक दावे असतील, तर प्रत्येक दाव्यासाठी वेगळे २० टक्के कापावेत, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘ब्रूस विरुद्ध सॅम्युएल्स’ खटल्यात एकमताने ठरवले. म्हणजे पाच शुल्के थकीत असतील, तर महिन्याची सगळी जमा त्यातच जाऊ शकते.

तीस दिवस तुरुंगात कसे सरतात?

बाहेरच्या माणसाला बँकेचा उतारा काढायला मोबाइलवर दोन मिनिटे पुरतात. कैद्याला खात्याचा सहा महिन्यांचा प्रमाणित उतारा तुरुंग प्रशासनाकडूनच मागावा लागतो. त्या सहा महिन्यांत तो दोन-तीन तुरुंगांत फिरवला गेला असेल, तर प्रत्येक ठिकाणचा उतारा लागतो. विनंतीअर्ज करायचा, उत्तराची वाट पाहायची, अधिकाऱ्याची सही मिळवायची, मग तो कागद टपालात द्यायचा. गंमत म्हणजे अनेकदा दावा ज्या तुरुंग प्रशासनाविरुद्ध असतो, त्याच प्रशासनाकडून हा कागद मिळवायचा असतो.

मुदत न्यायालयाच्या आदेशाच्या तारखेपासून मोजली जाते. तो आदेश कैद्याच्या हाती पडेपर्यंत त्यातले काही दिवस टपालात आणि तुरुंगाच्या तपासणीत गेलेले असतात. दरम्यान तुरुंग बदलला आणि नवा पत्ता न्यायालयाला कळवला नाही, तर आदेश ‘पोहोचला नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. पत्ता कळवण्याची जबाबदारी पक्षकाराची असल्याने पुढे दावा फेटाळला जाण्याला तेच कारण पुरते. एकांत कोठडी, तुरुंगातील टाळेबंदी, ग्रंथालयाच्या मोजक्या वेळा, लिहिता-वाचता न येणे, मानसिक आजार या अडचणी आणखी वेगळ्या.

मुदतवाढ मागता येते आणि न्यायालये ती बऱ्याचदा देतातही. पण त्यासाठीही मुदतीच्या आत लेखी अर्ज करावा लागतो. मुदतवाढ मागता येते, हेच ज्याला माहीत नाही, तो ती मागणार कशी, हा प्रश्न उरतो.

१९९६चा कायदा कशासाठी आला?

२६ एप्रिल १९९६ रोजी तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने ‘प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म अ‍ॅक्ट’ अमलात आला. कैद्यांच्या फुटकळ दाव्यांनी न्यायालये तुंबली आहेत, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद होता. त्या काळात एक उदाहरण फार गाजले : शेंगदाण्याचे लोणी दाणेदार मिळाले, मऊ मिळाले नाही म्हणून म्हणे एका कैद्याने दावा ठोकला. अपील न्यायालयाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी १९९६ मध्येच एका लेखात या कथेमागचे वास्तव मांडले. कैद्याने चुकीची बरणी परत केली होती आणि तिचे अडीच डॉलर त्याच्या खात्यातून कापले गेले होते. ते त्याला परत मिळाले नव्हते. तक्रार चवीची नव्हती, पैशांची होती. तुरुंगातल्या माणसाला अडीच डॉलर ही लहान रक्कम नसते.

या कायद्याने शुल्काचा हप्ता आणला आणि प्राथमिक छाननी कडक केली. न्यायालयात येण्यापूर्वी तुरुंगातील अंतर्गत तक्रार व्यवस्थेच्या सर्व पायऱ्या पूर्ण करणे बंधनकारक केले. त्या पायऱ्याही मुदतीत आणि नियमानुसारच पूर्ण व्हायला हव्यात, असे २००६ मध्ये ‘वुडफर्ड विरुद्ध एन्गो’ निकालात ठरले. म्हणजे तुरुंगाच्या पातळीवर काही दिवसांचा उशीर झाला, तरी न्यायालयाचे दार बंद होऊ शकते. शिवाय, तीन दावे निरर्थक, खोडसाळ किंवा कायद्याच्या दृष्टीने अपुरे ठरले, तर चौथ्या वेळी हप्त्याची सवलत मिळत नाही, पूर्ण शुल्क आधीच भरावे लागते. गंभीर शारीरिक इजेचा तातडीचा धोका असेल तरच याला अपवाद आहे.

कायद्यानंतरच्या काही वर्षांत कैद्यांच्या नागरी हक्क दाव्यांची संख्या लक्षणीय घटली. त्याच काळात कैद्यांची संख्या मात्र वाढत होती. समर्थकांच्या मते भुसा उडाला. टीकाकारांच्या मते भुशाबरोबर दाणेही उडाले.

‘पुन्हा दाखल करण्याची मुभा’ कितपत खरी?

त्रुटी दूर न केल्याने दावा फेटाळला जातो तेव्हा बहुधा पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवलेली असते. कागदोपत्री हा सौम्य आदेश आहे. कैद्याने नवा, निर्दोष अर्ज करावा, त्याच्या हक्काला बाधा नाही, असा त्याचा अर्थ. असा आदेश सर्वसाधारणपणे तीन दाव्यांच्या मोजणीतही धरला जात नाही, कारण त्यात दाव्याच्या गुणवत्तेवर निर्णय नसतो.

अडचण कालमर्यादेची आहे. कलम १९८३च्या दाव्याला त्या-त्या राज्यातील शारीरिक इजेच्या दाव्याची कालमर्यादा लागू होते. टेनेसी आणि केंटकीत ती अवघी एक वर्ष आहे. हेबिअस कॉर्पससाठी १९९६च्याच दुसऱ्या एका कायद्याने एक वर्षाची मुदत घातली. फेटाळलेला दावा सर्वसाधारणपणे कधी दाखलच झाला नव्हता, असे धरून घड्याळ मोजले जाते. घटना घडल्यावर अंतर्गत तक्रारीत काही महिने गेले, पहिला दावा दाखल होऊन त्रुटींवर फेटाळला जाण्यात आणखी काही महिने गेले, तर दुसरा दावा दाखल करताना वर्ष उलटलेले असू शकते. मुभा आहे, पण वेळ नाही, अशी स्थिती होते. म्हणूनच, दावा पुन्हा आणणे मुदतीमुळे अशक्य होणार असेल तर असा आदेश कायमस्वरूपी फेटाळण्यासारखाच मानून अधिक कठोरपणे तपासावा, अशी भूमिका काही अपील न्यायालयांनी घेतली आहे.

शुल्काचा प्रश्नही राहतोच. दावा दाखल करताच शुल्काची जबाबदारी येते, पुढे तो फेटाळला गेला म्हणून ती संपत नाही, असे अनेक न्यायालये मानतात. त्यामुळे काही कैदी न चाललेल्या दाव्याचे हप्ते फेडत राहतात.

फेटाळल्यानंतर मार्ग नाहीत असे नाही. २८ दिवसांत आदेश बदलण्याची विनंती करता येते. क्षम्य दुर्लक्ष किंवा चूक दाखवून, वाजवी वेळेत आणि जास्तीत जास्त वर्षभरात, प्रकरण पुन्हा उघडण्याची मागणी करता येते. अपीलही करता येते. मात्र आदेशच उशिरा पोहोचला, तुरुंगाने उतारा दिला नाही, हे सांगायला पुरावा लागतो. विनंतीअर्जाची तारखेसह प्रत जपून ठेवणाऱ्या कैद्याचे म्हणणे टिकते. ज्याने ती ठेवली नाही, त्याचे शब्द अधांतरी राहतात.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने आजवर काय म्हटले?

या विषयावरील निकालांचा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. १९४१ मध्ये ‘एक्स पार्टे हल’ प्रकरणात मिशिगनच्या तुरुंगाचा एक नियम न्यायालयासमोर आला. कैद्याचा अर्ज ‘नीट लिहिलेला’ आहे का, हे आधी तुरुंग यंत्रणा तपासणार आणि मगच तो न्यायालयात जाणार, असा तो नियम होता. अर्ज नीट लिहिला आहे की नाही हे न्यायालय ठरवेल, तुरुंग नाही, असे सांगून तो रद्द झाला. १९६९ मध्ये ‘जॉन्सन विरुद्ध एव्हरी’ निकालाने, दुसरी पुरेशी सोय नसेल तर एका कैद्याने दुसऱ्याला अर्ज लिहायला मदत करण्यावर तुरुंग बंदी घालू शकत नाही, असे स्पष्ट केले. १९७२ च्या ‘हेन्स विरुद्ध कर्नर’ निकालानुसार वकिलाविना लिहिलेल्या अर्जाला वकिली मसुद्याचे निकष लावायचे नसतात.

१९८८ च्या ‘ह्यूस्टन विरुद्ध लॅक’ खटल्यात कैद्याने अपिलाची नोटीस मुदत संपण्याच्या तीन दिवस आधी तुरुंग अधिकाऱ्यांच्या हाती दिली होती. न्यायालयात तिच्यावर शिक्का पडला तो मुदतीनंतर एका दिवसाने. कैदी टपालाचा पाठलाग करू शकत नाही, म्हणून तुरुंग अधिकाऱ्याकडे कागद दिला तोच दाखल झाल्याचा क्षण, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले.

त्रुटींच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा निकाल २००१ चा, ‘बेकर विरुद्ध माँटगोमेरी’. ओहायोतील एका कैद्याने तुरुंगातील परिस्थितीविरुद्ध दावा केला होता. तो फेटाळल्यावर त्याने सरकारी छापील नमुन्यावर, मुदतीत, अपिलाची नोटीस दिली. सहीच्या जागी त्याने नाव टंकलिखित केले, हाताने सही केली नाही. तशी सही लागते, हे त्या नमुन्यावर कुठे लिहिलेले नव्हते आणि कार्यालयानेही त्याला सांगितले नव्हते. अपील न्यायालयाने सही नाही म्हणून अपीलच फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो आदेश उलटवला. सही आवश्यक आहे, पण ती राहिली तर नंतर करून घेता येते, ही उणीव अपील संपवण्याइतकी मोठी नाही, असे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालाचे सार आहे.

पण २००७ च्या ‘बोल्स विरुद्ध रसेल’ खटल्यात उलट घडले. जिल्हा न्यायाधीशांनी अपिलासाठी कायद्यातील १४ दिवसांऐवजी चुकून १७ दिवस दिले. कैद्याच्या वतीने नोटीस न्यायाधीशांनी दिलेल्या मुदतीत, पण चौदाव्या दिवसानंतर दाखल झाली. चूक न्यायाधीशांची असली तरी कायद्याने घातलेली मुदत न्यायालय वाढवू शकत नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले आणि अपील गेले. थोडक्यात, सही किंवा नमुन्यासारखी उणीव दुरुस्त होऊ शकते, पण कायद्याने ठरवलेल्या मुदतीपुढे सहानुभूतीही चालत नाही.

न्यायालयांची बाजू काय?

न्यायालयांच्या बाजूनेही विचार करायला हवा. सही ही अर्जातील मजकुराची जबाबदारी घेण्याची खूण आहे. ठरावीक नमुन्यामुळे कोणी, कधी, काय केले हे चटकन कळते आणि न्यायाधीशाला शंभर पानी मजकुरातून तक्रार शोधावी लागत नाही. खात्याचा उतारा नसेल तर हप्ता ठरवता येत नाही. सगळ्यांना सारखा नियम लावला नाही तर पक्षपाताचा आरोप होतो. त्रुटींचा आदेश हा खरे तर कैद्याला दिलेली दुसरी संधी असते, कारण त्यासोबत कोरे नमुने पाठवले जातात आणि काय राहिले याची यादीही दिली जाते.

कायद्याच्या जाणकारांमधील मतभेद नियम असावेत की नसावेत यावर नाही. उणीव कोणामुळे राहिली हे न पाहता शिक्षा कैद्यालाच का, हा मुद्दा आहे. उतारा देणे तुरुंगाच्या हाती असेल, तर न्यायालयाने तो थेट तुरुंगाकडून मागवावा, हा त्यावरचा एक साधा उपाय आहे. काही न्यायालये तुरुंगांशी थेट ई-फायलिंगची व्यवस्था करून टपालातील दिवस वाचवतात, तोही त्याच दिशेचा प्रयत्न आहे.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात कैद्याच्या अर्जाला कोर्ट फी लागत नाही. ही तरतूद अलीकडची नाही. ब्रिटिशकालीन १८७०च्या कोर्ट फी कायद्याच्या कलम १९ मध्येच कैद्याच्या अर्जाला सूट आहे. त्यामुळे अमेरिकेतील त्रुटींचे एक मोठे कारण इथे उद्भवत नाही.

शिक्षा झालेल्या कैद्याला तुरुंगातूनच अपील करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ नुसार (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३८३) त्याने अपिलाचा अर्ज कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि त्या अधिकाऱ्याने तो अपील न्यायालयाकडे पाठवायचा. याला बोलीभाषेत ‘जेल अपील’ म्हणतात. असे अपील प्राथमिक टप्प्यावर फेटाळायचे असेल तरी कलम ४२५ नुसार कैद्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. अपील निरर्थक असेल किंवा त्याला कोठडीतून हजर करणे अवाजवी गैरसोयीचे असेल, एवढेच याला अपवाद आहेत. अपिलाची मुदत संपण्यापूर्वी तर ते असे फेटाळताच येत नाही.

अमेरिकेत निर्बंधांचा कायदा आला त्याच १९९६ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बानी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. दाखल करून घेतलेले फौजदारी अपील केवळ आरोपी किंवा त्याचा वकील हजर नाही म्हणून फेटाळता येणार नाही, नोंदी तपासून गुणवत्तेवरच निकाल द्यावा लागेल, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. अपीलकर्ता तुरुंगात असेल आणि त्याचा वकील आला नसेल, तर न्यायालय सरकारी खर्चाने वकील देऊ शकते, असेही त्यात म्हटले आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९७९ मध्ये तिहार तुरुंगातील सुनील बत्रा यांनी दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल पाठवलेले पत्रच याचिका मानले होते. त्या पत्राला नमुना नव्हता की प्रतिज्ञापत्र नव्हते.

महाराष्ट्रातील एका खटल्याचा धडा

कागद वेळेवर न पोहोचण्याचा प्रश्न भारतात ऐरणीवर आला तो महाराष्ट्रातील एका प्रकरणातून. ‘एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये आरोपीची शिक्षा वाढवून तीन वर्षे सक्तमजुरी केली. निकालाची मोफत प्रत पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवण्यात आली. आपल्याला ती मिळालीच नाही, असे कैद्याचे म्हणणे होते. ती मिळाल्याची त्याची सही नोंदीत नव्हती. चार वर्षांहून अधिक काळाने, शिक्षा भोगून झाल्यावर, तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

१९७८ मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. त्या कैद्याची याचिका फेटाळली गेली, पण त्यानिमित्ताने देशातील सगळ्या कैद्यांसाठी नियम घातले गेले. तुरुंगवासाची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची प्रत मोफत द्यावी, ती तुरुंगामार्फत पाठवली असेल तर कैद्याला देऊन त्याची लेखी पोच घ्यावी, अपील करायचे असल्यास तुरुंग प्रशासनाने सर्व साह्य करावे आणि कैदी वकील नेमू शकत नसेल तर न्यायालयाने तो द्यावा, असे ते नियम. पोचेवरची एक सही नसल्याने काय होऊ शकते, हे या खटल्याने दाखवून दिले.

मग उणीव कुठे राहते?

कायदा उदार असला तरी ‘कार्यालयीन हरकती’ आपल्याकडेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या नियमांनुसार सदोष कागदपत्रे दुरुस्तीसाठी परत करता येतात आणि त्यासाठी एकूण २८ दिवसांची मुदत असते. उच्च न्यायालयांतही ठरावीक मुदतीत हरकती दूर न केल्यास याचिका आपोआप रद्द समजली जाईल, असे सशर्त आदेश होतात. वकीलपत्र नाही, प्रमाणित प्रत नाही, मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर जोडलेले नाही, झेरॉक्स वाचता येत नाही, विलंबमाफीचा अर्ज नाही, अशा या हरकती असतात. संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल) किंवा शिक्षेतील सूट नाकारल्याविरुद्धच्या याचिका ही अपिले नसतात. त्यामुळे अपिलांना मिळणारे संरक्षण त्यांना जसेच्या तसे लागू होत नाही. खासगी वकील फी घेतो, याचिका दाखल करतो आणि हरकतींकडे पाहत नाही, तेव्हा आतल्या माणसाला आपली याचिका केव्हाच संपली आहे, हे महिनोन्महिने कळत नाही.

मुदतीचे गणितही लक्षात ठेवण्याजोगे आहे. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी ६० दिवस मिळतात, फाशीच्या शिक्षेविरुद्ध ३०. निकालाची प्रत मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वगळला जातो आणि उशिराचे समाधानकारक कारण दाखवल्यास तो माफही होऊ शकतो. इथे भारतीय न्यायालये अमेरिकेच्या तुलनेत लवचीक आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सुहास चकमा विरुद्ध भारत सरकार’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील विधी साह्य केंद्रे नीट चालावीत, कैद्यांना अपिलाच्या आणि मोफत वकिलाच्या हक्काची माहिती मिळावी आणि या कामावर सतत देखरेख राहावी, असे निर्देश दिले. हक्क कागदावर असून तो कैद्यापर्यंत पोहोचत नाही, याचीच ही कबुली होती.

कुटुंबीयांनी काय करावे?

शिक्षा झाली त्याच दिवशी निकालाची मोफत प्रत मागावी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ नुसार तो हक्क आहे. वकिलाकडून केवळ ‘केस टाकली’ एवढे ऐकून थांबू नये. नोंदणी क्रमांक घ्यावा आणि न्यायालयाच्या संकेतस्थळावर किंवा ई-कोर्ट्स अ‍ॅपवर प्रकरणाची स्थिती पाहावी. तिथे हरकती प्रलंबित दिसत असतील, तर त्या कोणत्या आणि शेवटची तारीख कोणती हे वकिलाला लेखी विचारावे. खासगी वकील परवडत नसेल, तर कारागृहातील विधी साह्य केंद्र, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही मदतवाहिनी त्यासाठी उपलब्ध आहे. कैद्याने कारागृहात दिलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख लिहून ठेवावी आणि शक्य असेल तिथे पोच घ्यावी. उद्या उशिराचे कारण सांगण्याची वेळ आली, तर न्यायालयासमोर तोच कागद उपयोगी पडतो.